हेलसिंकी ते कोपनहेगन, सात दिवस : बिअर सरकारी शेल्फवर आणि बिअर फ्रिजमध्ये

दिवस 1, मंगळवार, हेलसिंकी

दादा म्हणजे माझा मामेभाऊ, गेली बारा वर्षं हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहतो. मी घरी छोट्या बॅचमध्ये बिअर बनवते हे त्याला माहीत आहे, आणि आमचं दर वेळी फोनवर एकाच गोष्टीवरून वाजतं. तो म्हणतो दारू सरकारनेच विकावी, मी म्हणते बिअर तरी नको. शेवटी सप्टेंबरमध्ये म्हटलं चल, प्रत्यक्षच बघू. हेलसिंकीहून टालिन, तिथून स्टॉकहोम, मग कोपनहेगन. चार देश, आणि प्रत्येकाचा बिअर विकायचा नियम वेगळा.

विमानतळावरून घरी जाताना दूध-भाजी घ्यायला सुपरमार्केटमध्ये थांबलो तर बिअरचं अख्खं कपाट समोर. मी चकितच झाले, कारण माझ्या डोक्यात फिनलंड म्हणजे सगळं अल्कोमध्ये, म्हणजे सरकारी दारूच्या दुकानात. दादाने तिथेच उभं राहून समजावलं. 1 जानेवारी 1969 पासून 4.7 टक्क्यांपर्यंतची बिअर किराणा दुकानात आली, 2018 ला ती रेघ 5.5 वर गेली आणि 10 जून 2024 पासून 8 टक्क्यांवर. पण 8 ची सूट फक्त आंबवून बनवलेल्या पेयांना. जिन घालून बनवलेलं लाँग ड्रिंक, ज्याला इथे लोनकेरो म्हणतात, ते 5.5 च्या वर गेलं की अजूनही अल्कोमध्येच. म्हणजे दोन कॅन, दोन्हीवर 7 टक्के लिहिलेलं, एक दुधाशेजारी मिळतो आणि दुसऱ्यासाठी अल्को शोधायचं. शरीराला दोन्हीतला अल्कोहोल सारखाच, पण कायद्याला तो आला कुठून हे महत्त्वाचं.

आणि रात्री नऊनंतर काहीच नाही, विक्री सकाळी 9 ते रात्री 9. आम्ही पावणेनऊला काउंटरवर होतो आणि मागच्या रांगेत सगळ्यांच्या हातात बिअर, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

दिवस 2, बुधवार, हेलसिंकी

आज अल्को. मला वाटलं होतं जाळीमागे बसलेला माणूस, रुक्ष खिडकी, काहीतरी तसलं असेल. तसं काहीही नाही. स्वच्छ, प्रशस्त, लाकडी रॅक, आणि काउंटरवरच्या बाईंना मी बेल्जियन डुबेल बिअरबद्दल विचारलं तर त्यांनी यीस्टपासून सुरू करून कुठल्या चीजबरोबर प्यायची इथपर्यंत सांगितलं, आणि महागडी बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न अजिबात नाही. हे मला मनापासून आवडलं. किती विकलं यावर कमिशन नसलं की माणूस मोकळेपणाने बोलतो.

पण बिअरच्या भिंतीसमोर उभी राहिले आणि माझं जे दुखणं आहे ते वर आलं. जवळपास सगळं रूम टेंपरेचरला. लागर ठीक आहे, स्टाउट ठीक आहे, पण आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर? हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती फुलं, त्यांचा तो आंबा-संत्र्यासारखा वास ऑक्सिजनमुळे मरतो आणि उष्णतेने ते काम फार भराभर होतं. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर शिळी व्हायचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. चार अंशांना जी बिअर तीन महिने छान राहील ती वीस अंशांना महिनाभरातच थकायला लागते, खराब होत नाही, पिऊन कोणी आजारी पडत नाही, फक्त बनवणाऱ्याने जे बनवलं होतं ते त्यात उरत नाही. मी स्वतः बनवते म्हणून मला हे लागतं. तीन आठवडे जीव लावून केलेल्या बॅचचा वास एका गरम कपाटात गेलेला मी अनुभवलाय.

दादाचं म्हणणं, "अगं, तू फक्त फ्रिज बघतेस. मी सोदांक्युलाला वर्षभर होतो, लॅपलँडमध्ये, उणे तीस अंश, तिथेही अल्को आहे आणि तिथे मागवलेली बेल्जियन बिअर मला मिळाली. तुझं खासगी बॉटल शॉप उघडेल तिथे?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाहीच उघडणार. देशभर साडेतीनशेच्या वर दुकानं अल्कोची, त्यातली कितीतरी अशा जागी जिथे धंदा म्हणून कोणीच गेलं नसतं.

मग कोपऱ्यात एक छोटा फ्रिज दिसला आणि त्यात साहती! ही फिनलंडची जुनी गावठी बिअर, ज्युनिपरच्या फांद्यांवरून वर्ट, म्हणजे धान्याचं गोड पाणी, गाळायचं, कुउर्ना नावाच्या लाकडी कुंडातून, पारंपरिक पद्धतीत वर्ट उकळतही नाहीत, आणि पावाचं यीस्ट. पिकलेल्या केळ्याचा वास येतो. 2002 पासून युरोपियन युनियनमध्ये पारंपरिक पद्धतीचं संरक्षण आहे तिला. उकळलेली नाही, पाश्चराइझ नाही, म्हणजे बाहेर ठेवली तर आंबट होऊन जाणार, म्हणून फ्रिज. मी दादाला म्हटलं बघ, गरज पटली की सरकारी दुकानातही फ्रिज येतो.

रात्री वहिनींनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. बंदी उठली आणि पहिलं अल्को उघडलं तो दिवस 5 एप्रिल 1932, सकाळी दहा वाजता, आणि इथे सगळ्यांना ते 5-4-3-2-10 असं पाठ आहे. 1919 पासून तेरा वर्षं दारूबंदी, त्या काळात चोरटा स्पिरिट इतका आला की शेवटी लोकांनीच मतदानाने बंदी काढून टाकली. वहिनी शाळेत शिकवतात, म्हणाल्या, "तुम्ही दोघं फ्रिजवर भांडा, पण 1969 ला बिअर किराण्यात आली त्या एका वर्षात देशातलं एकूण पिणं 46 टक्क्यांनी वाढलं होतं, तेही लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं. तो आकडा पूर्ण ट्रिपभर डोक्यात होता.

दिवस 3, गुरुवार, टालिन

पश्चिम बंदरावरून सकाळची फेरी, दोन तासांत टालिन. दादा सोबत आला. जाताना जहाज बऱ्यापैकी शांत, पण टालिनच्या बंदरावर परतणारी गर्दी बघितली, प्रत्येकाकडे फोल्डिंग ट्रॉली आणि त्यावर बिअरच्या केसेस रचून रबराने बांधलेल्या. स्वतःसाठी 110 लिटरपर्यंत बिअर नेली तर सहसा कोणी विचारत नाही. फिनलंडचा बिअरवरचा कर युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात जास्त आणि समुद्रापलीकडे दोन तासांवर स्वस्त देश, म्हणजे अल्कोची खरी स्पर्धा इथे ह्या बंदरावर आहे. एस्टोनियाने मधे स्वतःचा कर इतका वाढवला की एस्टोनियन लोक लाटवियाच्या सीमेवर बिअर आणायला जायला लागले, शेवटी 1 जुलै 2019 ला त्यांनी बिअरवरचा कर 25 टक्क्यांनी कमी केला. पाण्यासारखं आहे हे, उतार दिसला की वाहणारच.

बंदराजवळच्या एका मोठ्या खासगी दुकानात शिरलो. इथे माझ्या बाजूच्या युक्तिवादाला पहिला धक्का बसला. छतापर्यंत कॅन, सगळं उघड्यावर, खिडकीतून ऊन सरळ हिरव्या बाटल्यांवर, आणि मी एका आयपीएची तारीख बघितली तर भरून अकरा महिने झालेले. हिरवी बाटली आणि ऊन म्हणजे काही मिनिटांतच हॉप्समधल्या द्रव्यांचं विघटन होऊन तो उग्र, नकोसा वास येतो. दादा काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. खासगी आहे म्हणून बिअरची काळजी घेतली जाईल असं अजिबात नाही. इथे विकायचं होतं ते अल्कोहोल, लिटरवर आणि युरोवर.

संध्याकाळी जुन्या गावात एका छोट्या बॉटल शॉपमध्ये गेलो, दगडी भिंती, दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि तीन फ्रिज. एक फ्रिज फक्त हॉपी बिअरचा. मालकाने विचारलं आज रात्री पिणार की घेऊन जाणार, मी म्हटलं उद्या जहाजावर, तर त्याने माझ्या हातातला कॅन काढून घेतला आणि पोर्टर ही काळी बिअर दिली. म्हणाला ही प्रवासात टिकेल, ती नाही टिकणार. अर्धा तास बोलत होतो आम्ही. एस्टोनियात दुकानातून विक्री रात्री दहापर्यंत, दहाला पाच कमी असताना त्याने हळूच घड्याळ दाखवलं.

दिवस 4, शुक्रवार, टालिन आणि जहाज

सकाळी नोबलेसनर. पूर्वी झारच्या काळात इथे पाणबुड्या बांधायचे, आता तिथल्या एका जुन्या इमारतीत प्यॉह्याला ब्रुअरीचा टॅपरूम आहे. 2011 ला सुरू झालेली ब्रुअरी. त्यांची 'ओ' नावाची बाल्टिक पोर्टर, म्हणजे रात्र, साडेदहा टक्के, काळी, खजूर आणि भाजलेल्या पावासारखी. बनते तिथेच बसून पिणं आणि जाताना तिथूनच घेऊन जाणं, इतकी साधी गोष्ट, पण पुढच्या देशात ह्याच साध्या गोष्टीसाठी किती वर्षं वाद चालला ते उद्या कळणार होतं.

अशी बिअर शेल्फवर वर्षभर राहिली तरी चालते, उलट चव मऊ होत जाते. म्हणून मी दादाला कबूल केलं की सरकारी शेल्फ ह्या बिअरसाठी उत्तम आहे, बेल्जियन तगड्या बिअरसाठी पण. माझं भांडण फक्त ताज्या, हॉपी, न गाळलेल्या बिअरसाठी आहे. तो म्हणाला, "मग इतकी वर्षं हे आधी का नाही बोललीस?" खरंय, आधी मलाच इतकं स्पष्ट नव्हतं.

दादा दुपारी हेलसिंकीला परतला, मी संध्याकाळी सहाच्या जहाजात. हे जहाज पहाटे ऑलंड बेटांवर मारिएहाम्नला थोडा वेळ थांबतं, आणि ते थांबणं कशासाठी तर टॅक्स फ्री साठी. युरोपियन युनियनच्या आतला टॅक्स फ्री 1 जुलै 1999 ला बंद झाला, पण ऑलंड त्यांच्या कर क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे तिथे टेकून गेलं की जहाजावर करमुक्त विकता येतं. पहाटे पाचच्या सुमारास खिडकीतून बघितलं, रिकामा धक्का, दोन-चार माणसं उतरली. एवढं अवाढव्य जहाज बाटल्यांवरच्या करासाठी वाट वाकडी करतं. मला बराच वेळ झोप लागली नाही.

दिवस 5, शनिवार, स्टॉकहोम

शनिवार म्हणजे सिस्टेमबोलागेट, स्वीडनचं सरकारी दारूचं दुकान, तीन वाजता बंद, रविवारी पूर्ण बंद. म्हणून सामान हॉस्टेलवर टाकून आधी तिकडेच. इथे किराणा दुकानात फक्त 3.5 टक्क्यांपर्यंतची, तिला फोल्कओल म्हणतात. त्यावरचं सगळं ह्या एकाच कंपनीकडे आणि वय वीस लागतं, बारमध्ये मात्र अठरा चालतं. अडीचला दुकान तुडुंब, पण रांगा शिस्तीत, आणि माझ्या मागच्या आजोबांच्या टोपलीत एक वाइन आणि चार वेगवेगळ्या छोट्या ब्रुअरींच्या बिअर.

सिस्टेमेटचं (लोक असंच म्हणतात) मला जे पटलं ते आधी सांगते. सगळ्या पुरवठादारांना किमतीचा एकच फॉर्म्युला, त्यामुळे मोठ्या कंपनीने पैसे टाकून डोळ्यांसमोरचं शेल्फ विकत घेतलंय असं होत नाही. दोनवर एक फ्री नाही. खरेदीसाठी चव घेतात ती नाव झाकून. छोट्या ब्रुअरीला आपल्या आसपासच्या दुकानांत जागा मिळते, आणि यादीत नसलेली बिअर ऑर्डरवर जवळच्या दुकानात येते, मग तुम्ही उत्तरेतल्या खेड्यात असा नाहीतर इथे सॉडरमाल्मला. खासगी सुपरमार्केटमध्ये छोट्या ब्रुअरीला इतकं न्याय्य वागवणारं मी कुठेच बघितलं नाही. आणि तरीही, थंड बिअर नाही. कारण असं सांगतात की सगळ्यांना समान वागणूक, एकाची थंड केली तर सगळ्यांचीच करावी लागेल. तत्त्व म्हणून मला कळतं. पण बिअरला तत्त्व कळत नाही ना, दुधाला आणि साखरेला समान वागणूक म्हणून दूध शेल्फवर ठेवलं तर ते फाटणारच.

संध्याकाळी शहराबाहेर एका छोट्या ब्रुअरीत गेले. 1 जून 2025 पासून स्वीडनने बनवणाऱ्यालाच थोडी विक्री करू दिली आहे, गोर्डसफोर्सेल्यनिंग, शब्दशः शेतावरची विक्री. नुसतं जाऊन विकत घेता येत नाही, आधी पैसे भरून त्यांची टूर किंवा व्याख्यान ऐकावं लागतं, मग प्रत्येकी 3 लिटर बिअर. म्हणजे 33 सेंटीलिटरचे नऊ कॅन. सहा वर्षांचा प्रयोग आहे. आम्ही अकरा जण होतो, पाऊण तास माल्ट, पाणी, यीस्ट, टाक्या सगळं दाखवलं, आणि शेवटी त्या ब्रुअर मुलीने कोल्ड रूमचं दार उघडलं. गेल्याच आठवड्यात भरलेली पेल एल. तिला मी विचारलं इतके नियम पाळून एवढीशी विक्री, परवडतं का? ती म्हणाली पैशाचं नंतर बघू, पण माझी बिअर मला हवी तशी कोणाच्या तरी हातात पहिल्यांदा गेली. मला अगदी आतून कळलं तिचं. नऊ कॅन घेतले, तिघं पोरं हॉस्टेलवर होती त्यांना वाटले.

दिवस 6, रविवार, स्टॉकहोम

सगळं बंद, म्हणून युरगोर्डनला स्प्रिटम्युझियम. स्वीडनचा दारूशी चाललेला झगडा समजून घ्यायला चांगली जागा. 1922 ला दारूबंदीवर सार्वमत झालं, साधारण 51 विरुद्ध 49 ने बंदी हरली, आणि बंदीऐवजी रेशन चालू राहिलं. मोतबोक नावाचं पुस्तक, त्यावर शिक्का मारून महिन्याची दारू मिळायची, आणि लग्न झालेल्या बाईला स्वतःचं पुस्तकच नाही. हे वाचून मी तिथे थबकले. रेशन 1 ऑक्टोबर 1955 ला संपलं आणि त्याच वेळी सगळ्या स्थानिक कंपन्या एकत्र होऊन सिस्टेमबोलागेट झालं. बिअरचं तर अजूनच, 1923 ते 1955 तगडी बिअर फक्त औषधाच्या दुकानात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

पुढे 1967 च्या शेवटी दोन भागांत तगडी बिअर किराण्यात ठेवून बघितली, तरुण पोरं इतकी प्यायला लागली की 1968 च्या उन्हाळ्यातच प्रयोग मुदतीआधी गुंडाळला. 4.5 टक्क्यांची मेलनओल 1965 ला किराण्यात आली आणि 1977 ला परत काढून घेतली. म्हणजे हे लोक नुसते हट्टी नाहीयेत, करून बघून मागे फिरलेत. वहिनींना मेसेज केला, त्यांचा लगेच रिप्लाय, 46 टक्के.

आणि एक किराणावाला होता, रॉस्टोंगाचा हॅरी फ्रान्झेन. स्वीडन युरोपियन युनियनमध्ये गेलं त्याच दिवशी, 1 जानेवारी 1995 ला, त्याने दुकानात वाइन विकली, मुद्दाम. प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर 1997 ला कोर्टाने सरकारी दुकानांची मक्तेदारी ग्राह्य धरली, अट एवढीच की देशी-परदेशी मालात भेदभाव नको. सगळ्यांना सारखं वागवण्यावर इतका जोर का, हे मला इथे जास्त समजलं. समानता हाच त्यांचा कायदेशीर पाया आहे, त्यामुळे फ्रिजसारखी साधी गोष्टही त्यांना विचार करून ठेवावी लागते.

दिवस 7, सोमवार, कोपनहेगन

सकाळची ट्रेन, माल्मोनंतर ओरेसुंड पूल, 2000 सालचा. पुलाच्या ह्या टोकाला सरकारी दुकान, त्या टोकाला किऑस्कमध्ये, सुपरमार्केटमध्ये, कुठेही बिअर. इथे 6 टक्क्यांपर्यंतची सोळा वर्षाच्या मुलालाही विकत मिळते, त्यावर अठरा. स्टेशनबाहेर शाळकरी वाटावीत अशी पोरं कॅन घेऊन बसलेली बघितली आणि खरं सांगते, मला नाही बरं वाटलं.

दुपारी व्हेस्टरब्रोमध्ये किऑस्क नावाचंच दुकान, वर भाजी, ब्रेड, रोजचं सामान, आणि जिना उतरून तळघरात बिअर. तिथे मी दीड तास होते. थंड, अंधारं, हॉपी बिअर वेगळी, आंबट बिअर वेगळी. एका आयपीएवर नऊ दिवसांपूर्वीची तारीख. तिथल्या मुलाला मी सरळ विचारलं जी शिळी होते तिचं काय करता, म्हणाला मुळात कमीच मागवतो, दर आठवड्याला, संपली की संपली. त्याच्याकडे सिस्टेमेटच्या यादीच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतक्या कमी बिअर, आणि ज्या आहेत त्या त्याच्या आवडीच्या, त्याला जे आवडत नाही ते इथे मिळणारच नाही. माझी आवड जुळली म्हणून मी खूश, लागरवाला माणूस कदाचित हात हलवत परत गेला असता.

कालव्याच्या कडेला बसून तो कॅन उघडला. वास आला आणि दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याला तारीख दाखवली. तो सोफ्यावर बसला होता, शेजारी टालिनहून आणलेली पोर्टर.

म्हणाला, "ठीक आहे, तुझा फ्रिज मान्य. पण सोदांक्युला?"

मी म्हटलं, "सोदांक्युलाला अल्कोच राहू दे दादा. त्यात साहतीच्या शेजारी अजून एक फ्रिज ठेवा, आणि ब्रुअरी स्वतःच्या दारात विकते तिला नऊ कॅनांवर अडवू नका. एवढंच माझं म्हणणं आहे."

तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला नऊ कॅनांची अट स्वीडनची आहे, फिनलंडमध्ये छोट्या ब्रुअरी 2018 पासूनच दारात विकतात, 12 टक्क्यांपर्यंतची. हे मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी भांडतोय आणि हा मुद्दा त्याने कधी काढलाच नाही. पुढच्या वेळी लाम्मीला जाऊ म्हणाला, साहती जिथे बनते तिथे, बादली घेऊन. मी तारखा विचारल्या तर वहिनी मागून ओरडल्या, जून.